चार चिरे, चार मीटर

आमच्या ऑफिसात लिडिया मॅडमना पाठीमागे ‘मीटर मॅडम’ म्हणायचे. पाठीमागे म्हणजे अगदी पाठीमागेच, त्या चार पावलांवर पाठमोऱ्या बसलेल्या असताना. नवीन आलेला कुणीही पहिल्या आठवड्यातच विचारायला शिकायचा, "मॅडम, साखर किती? दोन?" आणि मॅडम मान वर न करता म्हणायच्या, "दोन काय?" मग सगळे हसायचे. मीही हसायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी पुष्कळ जणांवर चिडणार आहे आणि त्यात पहिला नंबर माझा आहे.

मी उमंग. राहतो विरार पूर्वेला, फुलपाड्यात. वसई पश्चिमेला एका डेंटिस्टच्या दवाखान्यावर आमचं ऑफिस होतं, पाण्याचे हिशेब करून देणारं. कुठे किती पाणी मुरतं, कुठल्या विहिरीतून किती उपसलं तर चालेल, असले हिशेब. मॅडम प्रोग्रॅम लिहायच्या, मी त्यांच्या हाताखाली.

लिडिया मॅडम वसईजवळच्या गास गावच्या. वय सेहेचाळीस, अंगाने किरकोळ, स्कूटर मात्र अशी चालवायच्या की रिक्षावाले बाजूला होत. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्यावर नऊ वर्षं त्या एका ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत होत्या. उत्तर बरोबर आणि एकक लिहिलेलं नाही, तर शून्य. अर्धा नाही, पाव नाही, शून्य. एकदा एक पालक भांडायला आले की माझ्या मुलाने नऊ पूर्णांक आठ बरोबर लिहिलंय, तुम्ही गुण का कापले. मॅडमनी विचारलं, तुमच्या मुलाने पृथ्वीचं गुरुत्व लिहिलंय की त्याच्या धाकट्या बहिणीचं वय, मला कसं कळणार? पालक प्राचार्यांकडे गेले, गुण वाढवून घेतले. मॅडमनी वर्षभरात प्रयोगशाळा सोडली आणि पस्तिसाव्या वर्षी, ज्या वयात आपल्याकडे बाई नवीन भाजी करायला शिकली तरी कौतुक होतं, त्या वयात प्रोग्रॅमिंग शिकल्या.

लोकांना वाटायचं त्या मीटर-लिटरच्या वेड्या आहेत. तसं अजिबात नव्हतं. बाजारात त्या पानांची कवळी, मेथीची जुडी, बोंबलांचा वाटा हे सगळं आनंदाने घ्यायच्या. कवळी हेही एकक आहे, वाटा हेही आहे, असं म्हणायच्या. त्यांना सहन व्हायचा नाही तो नागडा आकडा. एकक नसलेला आकडा म्हणजे चिठ्ठी न लावलेली बरणी, मीठ आहे की साखर ते तोंडात टाकल्यावरच कळणार, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही ते त्यांच्या आवाजात एकमेकांना म्हणून दाखवायचो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका सरकारी पाणीयोजनेतलं विहिरींचं काम आलं. वसईच्या किनारपट्टीवरच्या अडतीस विहिरी तपासायच्या आणि कुठल्या विहिरीतून रोज किती पाणी टँकरने विरार-नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींना देता येईल ते ठरवायचं. एकतीस विहिरींत पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसली. गासमधल्या सात विहिरींसाठी यंत्रं उरली नाहीत. तेव्हा मॅडम म्हणाल्या, तिथे यंत्राची गरजच नाही, तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या रोज विहीर मोजतात.

आणि खरंच मोजतात. त्या बाजूच्या वाड्यांमधल्या विहिरी घडीव दगडांनी बांधलेल्या. दगडाला म्हणतात चिरा. चिऱ्यावर चिरा, असे थर काठापासून तळापर्यंत. सकाळी पंप लावण्याआधी काठावर उभं राहायचं आणि पाण्याच्या वर किती चिरे उघडे आहेत ते मोजायचं. संध्याकाळी पंप बंद केल्यावर पुन्हा मोजायचं. संध्याकाळी अकरा उघडे होते, सकाळी सात आहेत, म्हणजे रात्रीत विहीर चार चिरे भरली. विहीर जितके चिरे भरते त्याच्या निम्म्याहून जास्त उपसायचं नाही, असा तिथला रिवाज. याला शिक्षण लागत नाही, डोळे लागतात आणि रोज लागतात.

मॅडमनी ज्यांची विहीर यादीत पहिली घेतली त्या फ्लॉसीमावशी. एकाहत्तर वर्षांच्या, एकट्या. मुलगी कॅनडात. अर्ध्या एकरात पानवेली, कडेने केळी. पहाटेची मिस्सा आटोपून चर्चमधून परत आल्या की घरात शिरण्याआधी विहिरीवर जायच्या, चिरे मोजायच्या आणि वहीत तारखेपुढे आकडा मांडायच्या. त्यांच्या घरच्या बोलीत त्या मॅडमशी बोलायच्या तेव्हा मला निम्मं कळायचं नाही. माझ्याशी मात्र शाळेतली स्वच्छ मराठी. आपल्या विहिरीतलं पाणी परक्यांना द्यायला आधी गावात कुणी तयार नव्हतं. मावशी तयार झाल्या. म्हणाल्या, तिकडे इमारतींत माणसंच राहतात ना, भरतं त्यातलं निम्मं माझं, उरलेलं न्या. त्यांच्या मागोमाग बाकीचे सहा तयार झाले. मी फुलपाड्यात टँकरच्या पाण्यावर वाढलेला.

आता थोडं आमच्या कामाबद्दल, कारण गुन्हा तिथे घडला. संगणकाला आकडे एकेक करून भरवायचे नसतात. हजारो आकड्यांची रांग एकदम द्यायची आणि सांगायचं, सगळ्यांना याने गुण. या रांगेला ॲरे म्हणतात. ॲरे भयंकर वेगवान असतो, कारण तो आंधळा असतो. त्याला आकडा दिसतो, आकडा कशाचा ते दिसत नाही. तीन मीटर आणि तीन चिरे त्याच्या लेखी नुसते तीन.

मॅडमनी यावर सोय केली होती. प्रत्येक रांगेच्या गळ्यात त्यांनी एककाची पाटी अडकवली. पाटी असली की मीटरला चौरस मीटरने गुणल्यावर उत्तर आपोआप घनमीटरमध्ये येतं. मीटरमध्ये लिटर मिळवायला गेलात तर प्रोग्रॅम जागीच थांबतो आणि म्हणतो, हे जमणार नाही. आणि गासच्या सात विहिरींसाठी त्यांनी सात वेगळी एककं केली, कारण प्रत्येक विहिरीचा चिरा वेगळा. त्यासाठी मॅडम टेप घेऊन, कमरेला दोर बांधून, स्वतः सातही विहिरींत उतरल्या होत्या. फ्लॉसीमावशींचा चिरा एकवीस सेंटिमीटरचा, शेजारच्या वाडीतला सव्वीसचा. हे सगळं प्रोग्रॅमला माहीत होतं.

फक्त शेवटी नकाशा रंगवणारा जो भाग होता त्याला पाट्या चालत नसत, नुसते आकडे लागत. तिथे मॅडमचा नियम होता, आणि तो त्यांनी मला तीनदा तरी सांगितला असेल: दारात आधी सगळ्यांना मीटर कर, मगच पाटी काढ. आधी पाटी काढलीस तर कोण मीटर आणि कोण चिरा ते देवालाही कळणार नाही.

फेब्रुवारीत योजनेच्या कार्यालयापुढे नकाशा दाखवायचा होता. आमचे साहेब शरदचंद्र सर. पाट्या सांभाळायच्या म्हणजे प्रोग्रॅम हळू चालणार. नकाशावरचा दांडा सरकवला की नवा रंग भरायला चाळीस सेकंद लागायचे. सर वैतागले. पाहुण्यांपुढे ही बैलगाडी हाकायची का, म्हणाले. मॅडम भाचीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर होत्या. सर मला म्हणाले, तू काहीतरी कर.

मी केलं. हिशेबाच्या सुरुवातीलाच एक ओळ टाकली आणि सगळ्या रांगांच्या गळ्यातल्या पाट्या एका फटक्यात काढल्या. मीटर न करता. माझ्या डोक्यात होतं की सगळं मीटरमध्येच आहे, कारण अडतिसातल्या एकतीस विहिरी होत्याच मीटरमध्ये. प्रोग्रॅमने गप्प बसून सोसलं असं नाही. पिवळ्या अक्षरांत त्याने इशारा दिला की एकक गळून पडलं आहे. प्रत्येक विहिरीमागे एकदा, अडतीस वेळा दिला. मी दुसरी एक ओळ टाकून इशारे बंद केले. नकाशा पाण्यासारखा पळायला लागला. सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

मॅडम परत आल्या तेव्हा मी सांगितलं, थोडं फास्ट केलंय. त्यांनी विचारलं, युनिट्स आहेत ना? मी म्हटलं, आहेत. मूळ तक्त्यात होतीच की. हे उत्तर देताना मला आत कुठेतरी टोचलं होतं, हे मी नाकारत नाही. टोचलं आणि मी जेवायला गेलो.

मावशींची विहीर रात्रीत चार चिरे भरत होती, म्हणजे चौऱ्याऐंशी सेंटिमीटर, म्हणजे त्या विहिरीच्या घेरात साधारण साडेसोळा हजार लिटर. निम्मं न्यायचं तर आठ हजार, दहा हजारांचा एक टँकरही पुरता भरत नाही. माझ्या प्रोग्रॅमने चार चिऱ्यांचे चार मीटर धरले. रात्रीत विहीर चार मीटर भरते! निम्मं म्हणजे एकोणचाळीस हजार. अहवालात छापून आलं, रोज तीन टँकर सुरक्षित. बाकीच्या सहा विहिरींचंही असंच काहीतरी.

आता मला सांगा, वसईत जन्मलेल्या कुणालाही रात्रीत चार मीटर भरणारी विहीर खरी वाटेल का? तिला विहीर नाही, धरणाचा दरवाजा म्हणतात. शरदचंद्र सर इथल्याच जुन्या वाडीवाल्या घराण्यातले. त्यांच्या आजोबांनी उभा जन्म चिरे मोजले असतील. सरांनी तो आकडा पाहिला, आणि त्यांना काय वाटलं? आनंद वाटला. गासने कमाल केली, म्हणाले. योजनेच्या कार्यालयात पाच जणांनी त्या पानावर सह्या केल्या. पाचांतल्या एकालाही स्कूटरवर पंधरा मिनिटं जाऊन विहिरीत डोकावावंसं वाटलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे, आणि इथे तर उंटही एसीत बसलेला होता.

एक मार्चला विहिरीवर मोठा पंप बसला. मावशींनी पहिल्याच दिवशी टँकरवाल्याला विचारलं की तीन कसे, एक ठरलेला होता. त्याने अहवालाचा कागद दाखवला. कागदावर लिडिया मॅडमचं नाव पाहून मावशी गप्प बसल्या. लिडियाने लिहिलंय म्हणजे विचार करून लिहिलं असेल, असं त्यांना वाटलं. वही मात्र चालू ठेवली. दहा मार्च, नऊ चिरे उघडे. अठरा मार्च, चौदा. सव्वीस मार्च, एकोणीस, आणि पुढे एकच शब्द, मचूळ. विहिरीचं गोडं पाणी उपसून संपवलं की जमिनीखालून खाडीचं पाणी आत येतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पानवेलींच्या पानांच्या कडा करपल्या. त्याच आठवड्यात फुलपाड्यात माझी आई तणतणत होती की टँकरचं पाणी कसलं आलंय, डाळ दोन दोन तास शिजत नाही. मी तिला म्हटलं, डाळ जुनी असेल.

तक्रार ऑफिसात आली तेव्हा सरांचं पहिलं वाक्य होतं की म्हातारीला मोजता येत नसणार. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे नाचणारे आम्ही, आणि वाकडं ठरवलं ते पन्नास वर्षं रोज झाडलेलं अंगण. मॅडम मावशींच्या वह्या घेऊन बसल्या आणि दोन दिवस प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"उमंग, ही ओळ तुझी?"

"हो."

"इशारा आला नव्हता?"

"आला होता. मी बंद केला."

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि हाताने कागदावर पुन्हा सगळा हिशेब केला, एककांसकट, माझ्यासमोर, मी त्यांच्या प्रयोगशाळेतला मुलगा असल्यासारखा. शेवटी उत्तराखाली रेघ मारली. मग म्हणाल्या, चूक तुझी आहे आणि तपासलं नाही ती माझी, चल आत.

सरांच्या केबिनमध्ये मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, तुझी कबुली कुणी मागितलेली नाही. मग मॅडमना समजावू लागले, अगदी शांतपणे, आणि तो शांतपणा आठवला की आजही माझं डोकं फिरतं. आमचा हिशेब चुकला असं लिहून दिलं, तर नियमाप्रमाणे चौकशी समिती बसेल. समितीला तीन महिने तरी लागणार, आणि तिचा निर्णय येईपर्यंत परवानगी कायम, पंप चालू. विहीरमालकांनी करारावर सह्या केलेल्या, त्यांनाही तो थांबवता येणार नाही. पण दुसरा रस्ता आहे. या सात विहिरींच्या निरीक्षकांच्या नोंदी अविश्वसनीय आढळल्या, म्हणून आम्ही या विहिरी यादीतून मागे घेतो, एवढं लिहायचं. यादीत नसलेल्या विहिरीवर पंप ठेवता येत नाही. उद्या सकाळी पंप बंद. नोंदी गोळा करण्याचं काम लिडियाचं, तेव्हा सहीही तिचीच लागेल.

पत्र टाइप करून तयार होतं. पहिलं नाव, श्रीमती फ्लॉसी, अविश्वसनीय निरीक्षक.

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली होती. ती अशी लेटरहेडवर टाइप केलेली पहिल्यांदाच पाहिली. ज्या बाईने एक आकडा चुकवला नाही ती खोटी, आणि ज्याने अडतीस इशाऱ्यांची तोंडं दाबली त्याचं नावही कुठे नाही. मी म्हटलं, सर, माझं नाव घाला, मला काढून टाका. सर म्हणाले, तुझ्या नावाने समिती बसते, पंप थांबत नाही.

मॅडमनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. म्हणाल्या, हे नाव माझं नाही, ज्यांचं आहे त्यांना विचारून येते. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. उमराळ्यात सिग्नल नसलेल्या एका कोपऱ्यावर त्यांनी स्कूटर थांबवली आणि म्हणाल्या की बावीस वर्षांत मी चुकीच्या उत्तराखाली सही केलेली नाही. प्राचार्यांनी सांगितलं तेव्हाही नाही. मी मागे बसून रस्त्याकडे बघत राहिलो.

मावशी वाडीत होत्या. करपलेल्या वेली कापून एका बाजूला रचून ठेवत होत्या. पंपाचा आवाज चालूच होता, तिसरा टँकर भरत होता, आणि त्या आवाजावर आवाज चढवून बोलावं लागत होतं. मॅडमनी पत्र वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता. मग दोन्ही रस्ते सांगितले. मीही सांगितलं की चूक माझ्या हातून झाली, पाटी मी काढली, तुमच्या चार चिऱ्यांचे मी चार मीटर केले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला नाही असं मी म्हणणार नाही. हातातला कोयता त्यांनी खाली ठेवला, इतक्या सावकाश की माझी मान खाली गेली. मग विहिरीपाशी गेल्या, काठावर हात टेकून आत पाहिलं, आणि मॅडमना विचारलं, "तीन महिने म्हणालीस?"

"कमीत कमी."

"विहीर तीन महिने थांबणार नाही, लिडिया. माझं नाव थांबेल. बाकीच्या सहा घरांशी मी बोलेन. काढ पेन, तुझ्याकडे नसलं तर माझ्या वहीत आहे."

"मावशी, हे खोटं आहे. तुमचा एक आकडा चुकलेला नाही."

"मला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे. त्याला ठाऊक आहे." त्यांनी हनुवटीने मला दाखवलं. "पाण्याला नाव वाचता येत नाही. सही कर."

लिडिया मॅडमनी विहिरीच्या काठावर कागद ठेवून सही केली. सही करताना त्या रडत होत्या, आणि रागाने रडत होत्या, ते स्पष्ट दिसत होतं. पत्राखाली तारीख घातली. वेळही घातली. सवयच ती, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं असं पूर्ण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप काढून नेला. सरांनी शब्द पाळला, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, आणि देताना मी दातओठ खातोय. त्याच दुपारी मॅडमनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ झाला नाही. एक जण म्हणाला, मॅडम जरा अतीच करतात, शेवटी एक शब्दच तर होता. ज्याला शब्दाचं वजन कळत नाही त्याला आकड्याचं काय कळणार? मी तिथे आणखी दोन महिने काढले, दुसरी नोकरी मिळेपर्यंत. मॅडमनी दुसरी नोकरी मिळण्याची वाट पाहिली नव्हती. हाही फरक लिहून ठेवतो.

मावशींच्या पानवेली गेल्या. केळी वाचली. विहीर हळूहळू भरते आहे, पण पाणी अजून मचूळ आहे आणि किती वर्षं राहील ते कुणी सांगू शकत नाही. मावशी चिरे मोजतात. मॅडम आता घरून काम करतात, इतरांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासून देतात, आणि रविवारी मावशींच्या वह्या संगणकात भरतात, एककांसकट. त्या वह्या कुणी मागत नाही. योजनेच्या दफ्तरात गासच्या सातही घरांपुढे तोच शेरा आहे, आणि नवीन कामासाठी निरीक्षक निवडताना तो शेरा वाचला जातो. यंदा तिथल्या बंधाऱ्याच्या कामात गावातल्या कुणालाच विचारलं नाही. यांना मोजता येत नाही, असं म्हणे नोंदलेलं आहे.

मी योजनेच्या कार्यालयाला पत्र पाठवलं, माझं नाव, ती ओळ, तारीख, दोन्ही हिशेब जोडून. पोच मिळाली. सात महिन्यांत उत्तर नाही. परवा खिडकीवर गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं की प्रकरण बंद झालेलं आहे, निरीक्षकांची चूक म्हणून.

म्हणून इथे लिहितो. गासच्या फ्लॉसीमावशींची विहीर जानेवारीत रात्रीला चार चिरे भरत होती, एक चिरा एकवीस सेंटिमीटर. त्यांनी वहीत तेच लिहिलं होतं. त्यांचा एकही आकडा चुकीचा नव्हता, आणि हे सरकारदरबारी कुठेही लिहिलेलं नाही.